परिचारिकेची उमेदवारी



व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्याकडून कामगार चळवळीवर व्याख्यान मागितले होते. मी विषय थोडा बदलून मागितला आणि त्यांनी तो बदलू दिला, याबद्दल त्यांचा आभारी आहे. बदललेला विषयही तसा कामगारांचाच आहे. फक्त हे कामगार असे की ज्यांना कायदा कामगार म्हणत नाही आणि जे स्वतःलाही तसे समजत नाहीत. नर्सिंगच्या शाळेत शिकणाऱ्या मुलींविषयी मी बोलणार आहे. आता मुलगेही हे शिक्षण घेतात, हे मला ठाऊक आहे. मी मुली म्हणेन तेव्हा त्यांनाही त्यात धरावे.

गेली वीस-बावीस वर्षे मी रुग्णालयांतील मावश्या, मामा आणि सफाई कामगार यांच्या संघटनेचे काम करतो. माझे शाळेतले शिक्षण दहावीला संपले, पुढचे वाचनालयात झाले. तेव्हा शुश्रूषेच्या शास्त्राबद्दल मी जे सांगेन ते सिस्टर मंडळींकडून ऐकलेले आणि पुस्तकांशी ताडून पाहिलेले आहे असे समजावे. संघटनेच्या कामासाठी वॉर्डात गेलो की खिडकीशी किंवा ट्रॉलीच्या आडोशाला उभ्या असलेल्या चार-सहा शिकाऊ मुली हटकून दिसतात. हातात वही असते आणि वहीत लिहिण्यासारखे काही घडत नसते. मावश्यांशी त्यांचे जमते, आणि मावश्यांकडूनच त्यांची गाऱ्हाणी माझ्यापर्यंत येतात. ‘काका, सहा आठवडे झाले, नुसते ताप मोजतो आणि चादरी बदलतो.’ ‘मला लेबर रूम लागली, पण तिथे बाळंतपणच होत नाही.’ एक मुलगी म्हणाली, ‘मी या कामाची नाहीच बहुतेक.’ या तिसऱ्या वाक्याने मला हा विषय घ्यायला लावला. कारण पहिल्या दोन वाक्यांचे ओझे शेवटी त्या तिसऱ्यावर येऊन पडते.

ज्यांच्या घरात कोणी या शिक्षणात नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. जनरल नर्सिंगचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि बी. एस्‌सी. नर्सिंगचा चार वर्षांचा. वर्गातल्या तासांइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व रुग्णालयातल्या कामाला असते. त्याला मुली पोस्टिंग म्हणतात. काही आठवडे मेडिकल वॉर्ड, काही आठवडे सर्जिकल, मग मुलांचा वॉर्ड, शस्त्रक्रियागृह, प्रसूतिगृह, मानसोपचार, आणि खेड्यातले आरोग्य केंद्र. प्रत्येक ठिकाणी काय काय केले हे एका वहीत लिहून त्यावर सही घ्यावयाची असते. पहिल्या वर्षी दिवा हातात घेऊन शपथ घेण्याचा समारंभ होतो. आईबाप येतात, फोटो निघतात. त्यानंतर काही दिवसांत ती मुलगी वॉर्डात उभी राहते आणि तिला पहिले काम मिळते ते एक्स-रेचा रिपोर्ट आणून देण्याचे.

ही निराशा दोन अगदी वेगळ्या जातींची असते. दोन्हींत रडू सारखेच येते म्हणून मुलींना आणि त्यांच्या पालकांना ती एकच वाटते. एक निराशा पुस्तकातले चित्र आणि वॉर्डातले जग यांच्या अंतरातून येते. दुसरी येते ती रुग्णालयाने आणि शाळेने शिकवण्याची व्यवस्थाच केलेली नसते म्हणून. पहिलीवर उपाय शिकणाऱ्याच्या हातात पुष्कळसा असतो. दुसरीवर एकट्या मुलीच्या हातात काहीही नसते, आणि तिने तो दोष स्वतःच्या अंगावर ओढून घेणे हा शुद्ध अन्याय आहे.

दुसरी गोष्ट नवी नाही, हे सांगण्यासाठी मी तुम्हांला थोडे लंडनला नेतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीवर १८६० साली तेथील सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत निवडलेल्या उमेदवार बाया पंधरा होत्या. जगातल्या नर्सिंग शाळांची आई म्हणून तिचा उल्लेख होतो, आणि आपल्याकडचा तो दिव्याचा समारंभही त्याच परंपरेतला. आता यातली गंमत पाहा. शाळा सुरू झाल्यावर सुमारे दहा वर्षे नाइटिंगेलबाईंचे तिच्याकडे बारकाईने लक्ष नव्हते. त्या आजारी असत, आणि त्यांचा वेळ ज्या कामात जाई त्यातले एक मोठे काम आपल्याच देशाचे होते : हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी, जिचा अहवाल १८६३ साली निघाला. पुढे १८७२ च्या सुमारास त्यांनी शाळेत खोलवर पाहिले तेव्हा आढळले की उमेदवार बाया वॉर्डात राबत होत्या आणि शिकवणे जवळजवळ नावापुरते उरले होते. म्हणजे शाळांची आई म्हणवणाऱ्या शाळेतही पोस्टिंग निराशाजनक होते!

त्यांनी काय केले तेही ऐकण्याजोगे आहे. उमेदवार बायांना त्यांनी एकेकीला घरी बोलावून विचारले, टिपणे केली. शिकवण्याचे काम नव्या डॉक्टरांकडे दिले, आणि वसतिगृहात मुलींचा अभ्यास घेणारी स्वतंत्र सिस्टर नेमली. उमेदवारांना रोजनिशी ठेवावी लागे आणि ती वाचली जाई. ‘तुम्हांला सेवाभाव कमी पडतो’ असे सांगून त्यांनी प्रश्न मिटवला नाही, याची मला विशेष किंमत वाटते. आमच्याकडे मुलींनी तक्रार केली की पहिले उत्तर हमखास सेवाभावाचे येते.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे, आणि ते माझ्या जिव्हाळ्याचे. जोसेफिन गोल्डमार्क नावाची एक बाई कामगार चळवळीच्या इतिहासात येते. ऑरेगन राज्यात धोबीखान्यांतील स्त्रियांचे काम दहा तासांवर नेऊ नये असा कायदा होता. तो १९०८ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला, आणि त्या खटल्यात वकील ब्रँडाइस यांनी जी माहिती मांडली ती गोळा करण्यात या बाईंचा मोठा वाटा होता. थकव्याचा कामावर काय परिणाम होतो यावर त्यांचे पुस्तक १९१२ साली आले. याच बाईंच्या हातून १९२३ साली नर्सिंगच्या शिक्षणाचा अहवाल तयार झाला. अहवालाचा मथितार्थ असा, की शिकाऊ मुलींचे तास शिक्षणाच्या गरजेने ठरत नाहीत, रुग्णालयाच्या गरजेने ठरतात. आणि जे काम एकदा शिकले की संपले, तेच त्यांच्याकडून पुन्हापुन्हा करून घेतले जाते. धोबीखाना मोजणाऱ्या बाईला रुग्णालयातही तेच दिसावे, याचे मला मुळीच नवल वाटत नाही. ब्रिटनने पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस जी सुधारणा केली तिचे सूत्रही हेच होते : शिकाऊ परिचारिका वॉर्डात असेल, पण वॉर्डाच्या मनुष्यबळात तिची मोजदाद होणार नाही.

आपल्याकडे तत्त्व कागदावर नाही असे नाही. भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने स्थापन झाली, आणि तिने घालून दिलेल्या नियमांत एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हे प्रमाण आहे, दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. या आकड्यांचा अर्थ व्यवहारात काय होतो? तीस मुली सकाळी वॉर्डात पाठवायच्या असतील तर नव्वद रोगी प्रत्यक्ष खाटेवर हवेत. खाटा नव्हेत, रोगी! काही ठिकाणी खाटा भिंतीला रांगेने लावलेल्या असतात, चादरी कडक इस्त्रीच्या असतात, आणि रोगी बाराच असतात. तेथे एका म्हाताऱ्याचा रक्तदाब सकाळपासून सात मुली मोजतात आणि तो बिचारा आठवीला हात जोडतो. उलट मोठ्या सरकारी रुग्णालयात रोगी जमिनीवर गाद्या टाकून असतात, आणि रात्रपाळीला एका सिस्टरवर चाळीसचाळीस रोगी येतात. तेथे शिकवायला कोणालाच उसंत नसते आणि शिकाऊ मुलगी म्हणजे जास्तीचे दोन हात. पहिल्या ठिकाणी काम नाही म्हणून शिक्षण नाही, दुसऱ्या ठिकाणी कामच काम आहे म्हणून शिक्षण नाही.

मी १९८९ साली एका कारखान्यात उमेदवार होतो. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. त्यात उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्याकडून आठ महिने लोखंडाचा कीस झाडून घेतला आणि नोंदवहीत लेथवरचे काम लिहून आणले. आमच्यातल्या एका मुलाला रोजची तारीख घालून टिपण ठेवण्याची खोड होती. कोणत्या दिवशी कोणत्या खात्यात, काय काम, कोणी सांगितले. पुढे बोलणी झाली तेव्हा व्यवस्थापकांच्या समोर आमची भाषणे काही उपयोगी पडली नाहीत, ती दोनशे पानी वही पडली. उरलेले चार महिने आम्हांला यंत्रावर मिळाले.

नर्सिंगच्या मुलींना मी पहिली गोष्ट सांगतो ती हीच. शाळेची वही सहीची असते. दुसरी एक वही स्वतःची ठेवा. तारीख, वॉर्ड, पाळी, किती रोगी होते, काय पाहिले, काय केले, कोणी शिकवले, काय करायला मिळाले नाही. रोग्याचे नाव त्यात घालू नका, ते त्याचे खाजगी आहे. रोज पाच ओळी पुरेत. तीन आठवड्यांनी ही वही वाचली की आपली निराशा कोणत्या जातीची आहे ते बहुधा दिसते. पानापानावर ‘शिकवणारे कोणी नव्हते’ असेल तर तो व्यवस्थेचा प्रश्न. पानावर बरेच काही असेल आणि तरी मन खट्टू असेल, तर मामला वेगळा.

त्या वेगळ्या मामल्याबद्दल थोडे सविस्तर बोलतो. मार्लीन क्रेमर या अमेरिकन परिचारिका-अध्यापिकेने १९७४ साली एक पुस्तक लिहिले. नव्या परिचारिका पेशा का सोडतात, याचा त्यांनी शोध घेतला आणि त्या अवस्थेला वास्तवाचा धक्का असे नाव दिले. आधी नव्याची नवलाई, मग धक्का आणि संताप, मग हळूहळू सावरणे. ज्या टिकल्या आणि चांगल्या परिचारिका झाल्या त्यांनी शाळेने दिलेली मूल्ये टाकली नव्हती आणि वॉर्डाची रीतही झिडकारली नव्हती. सासर-माहेरच्या दोन्ही भाषा येणाऱ्या बाईसारखे त्यांना दोन्हीकडे वावरता येत होते. शाळेची भाषा सोडणारी मुलगी ‘इथे असेच चालते’ म्हणू लागते. वॉर्डाची भाषा न शिकणारी मुलगी वर्षभर कडेला उभी राहते.

म्हणून कंटाळवाण्या पोस्टिंगातही काय दडलेले असते ते पाहू. श्वास मोजणे घ्या. कित्येक वॉर्डांतले तक्ते पाहिले तर ताप वेगवेगळा, नाडी वेगवेगळी, पण श्वासाच्या रकान्यात खाली वर सगळीकडे २०. वीस रोग्यांचे श्वास एकाच गतीने चालतात काय? ते कोणी मोजलेले नसतात. वास्तविक निरोगी प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो, आणि रोगी ढासळू लागला की हा आकडा बऱ्याचदा सर्वांत आधी हलतो. तो मोजायला सेकंदकाटा आणि पूर्ण एक मिनिट लागते. मोजताना रोग्याला सांगायचे नाही, कारण सांगितले की तो श्वास बदलतो. नाडी धरल्याचा बहाणा चालू ठेवून छातीकडे पाहायचे. वॉर्डात घड्याळ घेऊन एक मिनिट उभे राहण्याइतका वेळ फक्त शिकाऊ मुलीकडेच असतो. मघाशी ‘मी या कामाची नाही’ म्हणणारी जी मुलगी सांगितली, तिने एके दुपारी एका बाईंचा श्वास ३२ मोजला. तक्त्यावर २० होता. ती दोनदा मोजून इनचार्ज सिस्टरकडे गेली. सिस्टर आधी वैतागल्या, मग स्वतः येऊन मोजला आणि डॉक्टरांना बोलावले. बाईंना त्याच संध्याकाळी आयसीयूत हलवले.

अंग पुसणे, कूस बदलणे ही कामे मुली हलकी समजतात, आणि घरचेही तसेच समजतात. पण माकडहाडावर बोट दाबून पाहिले आणि लाली गेली नाही तर ती शय्याव्रणाची सुरुवात असते. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तेथे हाताला लागणारा उबदारपणा आणि टणकपणा ओळखावा लागतो, आणि तो पुस्तकातून हाताला येत नाही. लघवी मोजून लिहिणे हेही असेच. साठ किलोच्या माणसाची लघवी तासाला तीस मिलिलिटरच्या खाली राहू लागली तर ते सांगायला धावले पाहिजे. हे ज्या मुलीला ठाऊक आहे तिला मोजपात्र रिकामे करण्याचे काम निराळे दिसते.

आता मागण्याची रीत. आमच्या चळवळीत मागणी मोघम केली की उत्तरही मोघम मिळते. ‘आम्हांला काही शिकवत नाहीत’ याला कोणी काय उत्तर देणार? ‘सिस्टर, आज अकरा नंबरला कॅथेटर घालायचा आहे, मी शेजारी उभी राहू का? पुढच्या वेळी तुमच्यासमोर मी घालीन,’ याला होय किंवा नाही म्हणावे लागते. वेळही पाहावी. पाळी बदलताना ओव्हर चालू असेल तेव्हा किंवा डॉक्टरांचा राउंड असताना विचारू नये. औषधे देऊन झाल्यावर विचारावे. सिस्टर खेकसल्या तर एक ध्यानात ठेवा, की चाळीस रोग्यांमागे त्या एकट्या आहेत, आणि त्यांची रिकामी पदे भरली जात नाहीत तोवर तुमचे शिकणेही अडलेलेच राहणार आहे. मी पाहिले आहे, की ट्रॉली लावून ठेवणाऱ्या, रोग्याजवळ आधी पोचणाऱ्या मुलीला सिस्टर आपणहून हाक मारतात.

याची उलट बाजूही आहे. रात्री घाईत एखादीला सांगतात, ‘जा, ते इंजेक्शन देऊन ये.’ शिकवलेले नसते, बरोबर कोणी नसते. इतके दिवस काही करायला मिळाले नाही म्हणून मुलीला मोह होतो. येथे नाही म्हणण्याचा तिला अधिकार आहे आणि ते तिचे कर्तव्यही आहे. ‘मला हे अजून शिकवलेले नाही, तुम्ही बरोबर या,’ एवढे वाक्य पुरे. यात उद्धटपणा कसला? चुकीच्या शिरेत गेलेले औषध माघारी घेता येत नाही.

सर्वांत वाईट गोष्ट वहीची आहे. प्रसूतीचे ठरावीक अनुभव नोंदवल्याखेरीज परीक्षेला बसता येत नाही, आणि जेथे बाळंतपणेच होत नाहीत तेथे जुन्या वह्यांवरून नवी वही उतरवली जाते. मुलगी पाहिलेल्या नसलेल्या बाळंतपणाचे वजन, वेळ, वार पडल्याची नोंद सुवाच्य अक्षरात लिहिते. पुढे दोन वर्षांनी ती एखाद्या उपकेंद्रावर एकटी असते आणि पावसाळ्याच्या रात्री गाडीतून कोणाची तरी सून येते. तिच्यापुढे तेव्हा ती वही नसते. श्रोतेहो, ही सून तुमच्या-माझ्या घरचीही असू शकते, म्हणून हा प्रश्न केवळ नर्सिंग शाळांचा नाही असे मी म्हणतो.

वही खोटी लिहायला सांगितली जाईल त्या दिवशी एकट्या मुलीने लढावे असे मी कधीच सांगणार नाही. तिचे गुण, तिचा दाखला, वसतिगृहातली खाट, सारे त्यांच्या हाती असते. येथे वर्गाने मिळून जावे. आधी ट्यूटरकडे, मग प्राचार्यांकडे, लेखी, तारखांनिशी, आणि मागणी एकच : आमचे प्रसूतीचे पोस्टिंग अमुक सरकारी रुग्णालयात लावून द्या. अशी संलग्न रुग्णालये घेण्याची सोय नियमांत आहे. अर्जावर सह्या सगळ्यांच्या असाव्यात, आणि शक्य तर गोलाकार कराव्यात, म्हणजे पहिली कोणाची ते कळत नाही. ही खलाशांची जुनी युक्ती आहे. एका ठिकाणी मी असा अर्ज मुलींच्या सांगण्यावरून वाचून दिला होता. तीन आठवडे उत्तर नव्हते, मग पालकांना बोलावून दमदाटी झाली, काही पालक घाबरून मुलींनाच रागावले. तरी दोन महिन्यांनी निम्म्या वर्गाचे पोस्टिंग जिल्ह्याच्या ठिकाणी लागले. उरलेल्या निम्म्यांचे लागले नाही, हेही सांगितले पाहिजे.

पालकांचा विषय निघालाच आहे तर रमाबाई रानड्यांची आठवण काढतो. पुण्यात ज्या न्यायमूर्तींनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्यांच्या या पत्नी. त्यांच्या पुणे सेवासदनाने, १९०९ नंतरच्या काळात, ससून रुग्णालयात मुलींना परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले, तेव्हा परक्याच्या अंगाला हात लावणार म्हणून बोल लावणारे कमी नव्हते. आता कोणी तसे बोल लावीत नाही. आता घरचे कर्ज काढून फी भरतात, आणि मुलगी रडत घरी आली की एक तर ‘सोडून दे’ म्हणतात किंवा ‘पैसे भरलेत, सहन कर’ म्हणतात. या दोन्हींच्या आधी तिची ती दुसरी वही मागून वाचावी. ‘आज काय शिकवले’ असे विचारण्यापेक्षा ‘आज कोणता रोगी पाहिलास’ असे विचारावे. पहिल्याला ती ‘काही नाही’ म्हणते, दुसऱ्याला तासभर सांगत बसते.

आणि ज्यांच्या मुलींना येत्या पावसाळ्यात प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी माहितीपत्रकावरचे फोटो बाजूला ठेवून एखाद्या साध्या वारी, सकाळी अकराच्या सुमारास त्या शाळेच्या रुग्णालयात जावे. तपासणीचा दिवस सोडून जावे. त्या दिवशी खाटा भरलेल्या असतात. रोगी असलेल्या खाटा मोजाव्यात. केसपेपरच्या खिडकीपाशी किती माणसे आहेत ते पाहावे. बाहेरच्या चहाच्या टपरीवर विचारावे, ‘इथे बाळंतपणे होतात का हो?’ टपरीवाल्याला ते नक्की माहीत असते, कारण बाळंतिणीबरोबर आलेली माणसे रात्रभर त्याच्याकडेच चहा पितात.